बालेवाडीचं क्रीडा संकुल आणि आमच्या मैदानावरची फक्कीची रेघ



सहलीचे दिवस आले की प्रत्येक शाळेत तीच यादी निघते. किल्ला, धरण, देऊळ, प्राणिसंग्रहालय आणि मुलांनी फारच हट्ट धरला तर वॉटर पार्क. मागे एकदा आमच्या शाळेत ही यादी चालू असताना मी मध्येच म्हटलं, "या वर्षी बालेवाडीचं स्टेडियम दाखवूया का?" सगळे गप्प. मग आमचे एक ज्येष्ठ गुरुजी हसून म्हणाले, "बाई, तिथं मॅच नसेल तर पोरं बघणार काय? रिकाम्या खुर्च्या?"

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. स्टेडियम म्हणजे मॅच आणि मॅच म्हणजे टीव्ही, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण रिकामं संकुल हे मुलांसाठी उघडं पुस्तक असतं, बरं का! भरलेल्या स्टेडियममध्ये मुलं खेळाडूंकडे बघतात, रिकाम्या स्टेडियममध्ये जमिनीकडे बघतात. आणि शिकण्यासारखं खूप काही त्या जमिनीवरच आखलेलं असतं. ते कसं वाचायचं ते आधी आपल्याला यायला हवं, म्हणून हा लेख.

आधी थोडी ओळख करून घेऊ. पूर्ण नाव श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल, म्हाळुंगे-बालेवाडी. पुण्याच्या पश्चिमेला, मुंबई-बंगळुरू महामार्गाला लागून. 1994 साली महाराष्ट्राला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचं यजमानपद मिळालं, त्या निमित्ताने हे उभं राहिलं. आराखडा वास्तुविशारद शशी प्रभू यांचा. मुंबईचं वानखेडे स्टेडियमही त्यांच्याच हातचं. राज्याचं क्रीडा व युवक सेवा आयुक्तालयही याच आवारात आहे.

'क्रीडा संकुल' आणि 'स्टेडियम' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. मुलांना सांगताना मात्र फरक करून सांगा. प्रेक्षकांना बसायला चारी बाजूंनी पायऱ्या आणि मध्ये मैदान, ते झालं स्टेडियम. संकुल म्हणजे अशा अनेक जागांचं कुटुंब. बालेवाडीत मुख्य ॲथलेटिक्स स्टेडियम आहे, त्याशिवाय जलतरण तलाव, बॅडमिंटन हॉल, टेनिस कोर्ट, नेमबाजीची रेंज, कुस्ती-बॉक्सिंगसारख्या खेळांसाठी हॉल आणि खेळाडूंच्या राहण्याची सोयही आहे. एका घरात अनेक खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीचं काम वेगळं असतं, तसंच हे.

आता थेट मुख्य स्टेडियममध्ये जाऊ, कारण मला खरं सांगायचंय ते तिथलंच आहे.

चारशे मीटर म्हणजे नक्की काय?

ॲथलेटिक्सचा ट्रॅक एका फेरीला 400 मीटर असतो, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण कुठून मोजला तर 400? आतल्या कडेवरून? पहिल्या लेनच्या मध्यावरून? हा प्रश्न मी एकदा प्रशिक्षणात शेजारी बसलेल्या शिक्षकांना विचारला, तर चार जणांची चार उत्तरं आली. मलाही ते फार उशिरा कळलं. कसं कळलं ते पुढे सांगते.

प्रमाणित ट्रॅक असा असतो. दोन सरळ बाजू, प्रत्येकी 84.39 मीटर. दोन टोकांना दोन अर्धवर्तुळं, त्यांची आतल्या कडेपर्यंतची त्रिज्या 36.50 मीटर. आता कडेला उंचवटा असतो, त्याला घासून कोणी धावत नाही. म्हणून नियम असा की धावणाऱ्याची वाट कडेपासून 30 सेंटिमीटर बाहेर धरायची. म्हणजे मोजायची त्रिज्या झाली 36.80 मीटर. दोन अर्धवर्तुळं मिळून एक पूर्ण वर्तुळ. त्याचा परीघ 2 × 3.1416 × 36.80, म्हणजे 231.22 मीटर. दोन सरळ बाजू मिळून 168.78. बेरीज करा. बरोबर 400!

सातवीच्या मुलांना हे फळ्यावर करून दाखवा. मात्र पायची किंमत 22/7 घेतलीत तर उत्तर 9 सेंटिमीटरने जास्त येईल आणि एखादा हुशार पोरगा "बाई, तुमचा ट्रॅक चुकला" म्हणेल. म्हणू दे. 22/7 ही जवळची किंमत आहे, अचूक नाही, हे समजवायला याहून चांगली संधी नाही. शर्यतीत 9 सेंटिमीटर म्हणजे कधी कधी पदक जातं.

प्रत्येक लेन 1.22 मीटर रुंद. मोठ्या स्टेडियममध्ये अशा आठ लेन असतात. आता दुसऱ्या लेनमध्ये धावणारी मुलगी जास्त मोठ्या वर्तुळावरून वळते. दुसऱ्या लेनपासून मोजमाप आतल्या रेघेपासून 20 सेंटिमीटरवर धरतात. म्हणजे तिची त्रिज्या 36.50 + 1.22 + 0.20, एकूण 37.92 मीटर. परीघ काढला तर पहिल्या लेनपेक्षा 7.04 मीटर जास्त. त्यापुढच्या प्रत्येक लेनला आणखी 7.67 मीटरची भर. आठव्या लेनपर्यंत हा फरक 53 मीटरच्या थोडा वर जातो. एवढं जास्त अंतर कोणी का धावावं? म्हणून बाहेरच्या लेनमधल्या खेळाडूला तेवढंच पुढे उभं करतात. यालाच आपले क्रीडाशिक्षक 'स्टॅगर' म्हणतात. 200 मीटरच्या शर्यतीत एकच वळण असतं, त्यामुळे हा फरक निम्मा होतो.

हे सगळं मी एवढ्या तपशिलाने लिहितेय, त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात सातवीला एक मुलगी होती. नाव सांगत नाही. पायात भिंगरी बांधल्यासारखी धावायची. केंद्रात पहिली आली, तालुक्यात पहिली आली, आणि 200 मीटरसाठी जिल्ह्याला निवडली गेली. आमच्या शाळेच्या मैदानावर आम्ही 200 मीटर कसे धावायचो? सगळ्यांना एका रेघेवर उभं करायचं, लांब एक झेंडा रोवायचा, त्याला वळसा घालून परत. जो आधी आतल्या बाजूला घुसेल तो जिंकला. तालुक्याच्या मैदानावरही थोड्याफार फरकाने तेच.

जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात मात्र तांबडा सिंथेटिक ट्रॅक होता. तिने तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. हात लावून बघितला, वास घेतला. दुपारचं ऊन, ट्रॅक तापलेला, आणि पोरगी अनवाणी. मी बूट आणले नव्हते. तिला सवय नाही, बुटात पळता येणार नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं. तिला लेन मिळाली दुसरी. ती रेघेवर उभी राहिली आणि तिच्या पुढे, एकीपेक्षा एक पुढे, सहा मुली उभ्या. तिने वळून माझ्याकडे बघितलं. मी लांबून हाताने "पळ, पळ" एवढंच केलं.

शिट्टी झाली. सुरुवातीलाच, सवयीप्रमाणे, ती आतल्या लेनमध्ये घुसली. वळण आत घुसून कापलं आणि दुसरी आली. उड्या मारत माझ्याकडे धावत आली. पाच मिनिटांनी नाव पुकारलं गेलं : लेन सोडल्यामुळे बाद.

पंचांचं काहीच चुकलं नव्हतं. ती मला म्हणाली, "बाई, त्या सगळ्या माझ्यापुढं उभ्या होत्या, त्यांना नाही काढलं. मलाच का?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे 'लेन सोडायची नसते' एवढं मला माहीत होतं, पण त्या मुली पुढे का उभ्या होत्या ते मलाच नीट सांगता येत नव्हतं. डी.एड.ला असताना मैदान आखणीची आकृती मी वहीत रंगवून काढली होती, दहापैकी नऊ मार्क मिळाले होते. वहीतली आकृती वहीतच राहिली. त्या रात्री मी मुक्कामाच्या शाळेत मोबाईलवर हिशोब करत बसले, तेव्हा कुठे मला वर लिहिलेलं समजलं. सकाळी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, काही बोलली नाही.

बालेवाडीची सहल मी सुचवली ती यानंतर.

पायऱ्यांवरून दिसलेलं

आम्ही गेलो त्या दिवशी ट्रॅकवर सराव चालू होता, म्हणून आम्हाला आत उतरता आलं नाही. आम्ही गॅलरीतूनच बघितलं. सुरुवातीला मला वाईट वाटलं, पण वरून पाहण्याचा फायदा असा की सगळी आखणी एका नजरेत येते. वळणावरच्या आरंभरेषा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. "बाई, रेघा तिरक्या का?" असा प्रश्न पाचवीतल्या मुलाने आपणहून विचारला. मला तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या एकाने विचारलं, "बाई, धावायच्या जागेत पाण्याचा खड्डा कशाला?" हा खड्डा स्टीपलचेस शर्यतीचा. 3000 मीटर धावायचं, वाटेत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरची उडी. ते अडथळे हर्डल्ससारखे ढकलले की पडत नाहीत, जाड लाकडाचे असतात, त्यावर पाय देऊन गेलं तरी चालतं. आणि या शर्यतीत आपला माणूस आहे! बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. लहानपणी शाळेत जायला रोज कित्येक किलोमीटर तुडवणारा, पुढे सैन्यात गेलेला आणि तिथे खेळाकडे वळलेला. हे सांगितल्यावर मुलं त्या खड्ड्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली.

ट्रॅकच्या मधोमध हिरवं गवत, तिथे फुटबॉलचं मैदान. 2014 ते 2019 या काळात इंडियन सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटी संघाचं हे घरचं मैदान होतं. 2022 च्या महिला आशियाई चषकाचे सामनेही इथे झाले. पण नीट बघा. फुटबॉल बघणाऱ्या प्रेक्षकाच्या आणि खेळाच्या मध्ये आठ लेनचा पट्टा येतो. गोलच्या मागे तर अख्खं वळण. म्हणून अशा स्टेडियममध्ये फुटबॉल लांबून बघावा लागतो. सगळ्या खेळांना एकाच जागी बसवायचं तर प्रत्येकाला थोडं सरकून घ्यावं लागतं. आमच्या दोनखोली शाळेतल्या चार वर्गांसारखं.

आणि तो तांबडा पृष्ठभाग. साधारण 13 मिलिमीटर जाडीचा रबरासारखा थर, खाली डांबराचा पाया. पाऊस पडला तरी चिखल होत नाही, पायाला थोडी उसळी मिळते, टोकदार खिळ्यांच्या बुटांना पकड मिळते. पण तो कायमचा नसतो, काही वर्षांनी नवा घालावा लागतो आणि त्याला बराच खर्च येतो. त्यावर वाहन तर अजिबात नको. जून 2021 मध्ये इथे एका बैठकीला आलेल्या मान्यवरांच्या गाड्या स्टेडियममध्ये ट्रॅकवर दिसत असल्याचे फोटो प्रसिद्ध झाले, तेव्हा खेळाडू आणि पालकांनी नाराजी दाखवली ती याचसाठी. मुलांना मी हे सांगितलं. त्यांना पटलं, कारण आमच्या शाळेच्या मैदानावरही लग्नसराईत ट्रॅक्टर उभे राहतात आणि चाकोऱ्या बुजवायचं काम मुलांच्याच गळ्यात पडतं.

तलावाचा हिशोब

जलतरण तलावाची मोठी लांबी 50 मीटर. ऑलिंपिक मापाचा तलाव 50 बाय 25 मीटर धरतात. पाणी सरासरी 2 मीटर खोल धरलं तर 2,500 घनमीटर होतं. एका घनमीटरमध्ये 1,000 लिटर, म्हणजे झाले 25 लाख लिटर. आमच्या गावाला उन्हाळ्यात 10 हजार लिटरचा टँकर येतो. मुलांनी लगेच भागाकार केला : 250 टँकर. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आपल्या गावाचा उन्हाळा निघाला की!" तिच्या या वाक्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. तलावाचं पाणी रोज फेकून देत नाहीत, ते गाळून, शुद्ध करून पुन्हा वापरतात, एवढं मी सांगितलं. ते खरंच आहे. पण तिचं म्हणणंही काही खोटं नव्हतं, आणि ते मी वर्गात खोडून काढलं नाही.

बॅडमिंटन हॉलबद्दल एक गंमत सांगते. आपल्यापैकी बऱ्याच शिक्षकांनी बालेवाडी पाहिलेली आहे, पण रॅकेट घेऊन नाही. 2019 च्या लोकसभेला मतमोजणी इथेच होती. आमच्या ओळखीतल्या एक बाई म्हणतात, "मी बालेवाडीला रात्री जागलेय, पण खेळ एकही पाहिला नाही." सार्वजनिक जागेचं हे असंच असतं. लग्नाच्या मांडवासारखी ती सगळ्यांच्या कामाला येते.

बटणाएवढं लक्ष्य

नेमबाजीची रेंज हा बालेवाडीचा मोठा अभिमान आहे. मुलांना बंदूक म्हटली की सिनेमा आठवतो. म्हणून मी जाण्याआधीच वर्गात एक प्रयोग केला. शर्टाचं एक बटण भिंतीला चिकटवलं आणि मुलांना मैदानात 50 मीटर लांब नेऊन उभं केलं. "दिसतंय?" "काय, बाई?" 50 मीटर रायफल प्रकारात सर्वांत आतलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. साधारण त्या बटणाएवढंच. आणि 'थ्री पोझिशन्स' प्रकारात ते गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून अशा तिन्ही अवस्थांत टिपायचं.

याच प्रकारात 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक जिंकलं. 451.4 गुण. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते 1952 च्या हेलसिंकीनंतर, खाशाबा जाधवांनंतर, म्हणजे तब्बल 72 वर्षांनी. स्वप्नील कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. वडील शिक्षक. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याची सुरुवात झाली आणि बालेवाडीच्या रेंजवर त्याने वर्षानुवर्षं सराव केला. पदक घेऊन आल्यावर त्याचं स्वागतही पुण्यात, बालेवाडीलाच झालं.

'वडील शिक्षक' हे मी मुद्दाम लिहिलं. आपल्यातल्याच एका गुरुजींनी आपल्या मुलाला योग्य वयात योग्य दारात नेऊन उभं केलं. ते दार कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. आपल्याला आहे का?

पालकहो, क्रीडा प्रबोधिनी ही शासनाची निवासी योजना आहे. राहणं, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण एकत्र. साधारण 8 ते 14 वयोगटातल्या मुला-मुलींच्या चाचण्या घेतात : उंची, 30 मीटर धावणं, 800 मीटर धावणं, शटल रन, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता असं. यातल्या बहुतेक गोष्टी आपल्या मैदानावर, एका टेपने आणि मोबाईलच्या घड्याळाने मोजता येतात. दर वर्षीच्या अटी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. मी दर वर्षी जूनमध्ये सगळ्या मुलांची ही मोजणी करून एका वहीत लिहून ठेवते. उंचीचा आलेख काढायला गणितातही उपयोगी पडते.

मोठ्या स्पर्धा, लहान मुलं

बालेवाडीत झालेल्या स्पर्धांची यादी मोठी आहे, सगळी देत नाही. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये इथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. 71 देशांतली तरुण मुलं पुण्यात आली, आणि पदकतक्त्यात भारत पहिला आला. शुभंकर होता 'जिगर' नावाचा वाघ. तेव्हा मी कॉलेजला होते. शहरभर तो वाघ लागला होता एवढंच मला आठवतं. 2013 च्या जुलैमध्ये आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. त्यात थाळीफेकीत विकास गौडाने आणि 4 × 400 मीटर रिलेत आपल्या मुलींनी सुवर्ण मिळवलं. त्याच ट्रॅकवर, जो आमची पोरं गॅलरीतून बघत होती.

पण वर्गात सांगायला मला सर्वांत आवडते ती जानेवारी 2019 ची खेलो इंडिया युवा स्पर्धा. त्यात 10 मीटर एअर रायफलच्या मिश्र प्रकारात पश्चिम बंगालच्या अभिनव शॉने मेहुली घोषसोबत सुवर्ण मिळवलं. वय 10 वर्षं! म्हणजे आपल्या चौथी-पाचवीतलं पोरगं. हे ऐकल्यावर आमच्या वर्गातल्या मुलांनी पहिल्यांदा एकमेकांची वयं विचारली.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगते. बालेवाडी एकच आहे आणि ती बहुतेकांना लांब आहे. आमच्या गावाहून एसटीने चार तास. म्हणूनच शासनाने विभागीय, जिल्हा आणि तालुका अशा पायऱ्यांनी क्रीडा संकुलं उभी करायचं धोरण घेतलं. तालुका संकुल ही खरी आपली जागा. काही ठिकाणी ती सकाळ-संध्याकाळ गजबजलेली असतात. काही ठिकाणी गेटला कुलूप आणि आत गवत कमरेएवढं. कुलूप दिसलं की आपण तोंड फिरवून परत येतो. मी एकदा परत न येता तिथेच मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज दिला, तारीख आणि वेळ लिहून. तीन खेपा झाल्या, पण गवत कापलेलं मैदान मिळालं. मागितल्याशिवाय तिथेही कोणाला कळत नाही की वापरायला कोणी आहे. पालकांनी मिळून मागितलं तर आणखी बरं.

सहलीला बालेवाडी नेणार असाल तर आधी लेखी परवानगी घ्या, स्पर्धेचे दिवस टाळा, आणि मुलांना आदल्या दिवशी वर्गात ट्रॅकची आकृती काढायला लावा. मगच न्या. आकृती न काढता नेलंत तर गुरुजी म्हणाले तेच होईल, रिकाम्या खुर्च्या.

आमच्या मैदानावर

परत आल्यावर आम्ही शाळेत ट्रॅक आखला. 400 मीटरचा कुठून आणणार? आमचं मैदान लहान. म्हणून 100 मीटरचा केला. सरळ बाजू 20-20 मीटर, म्हणजे 40. उरले 60 मीटर वळणांना. 60 भागिले 6.2832, त्रिज्या आली 9.55 मीटर. आपल्याकडे कडेला उंचवटा नाही, नुसती फक्कीची रेघ. अशा वेळी मोजमाप रेघेपासून 20 सेंटिमीटर बाहेर धरायचं. म्हणून रेघ ओढायला दोर घ्यायचा 9.35 मीटरचा. एक मीटर रुंदीच्या तीन लेन केल्या. सगळं मिळून साधारण 45 बाय 25 मीटर जागा लागते.

आता स्टॅगर. इथे मला स्वतःला मोठी मजा वाटली. एका फेरीला दुसऱ्या लेनचा फरक आला 2 × 3.1416 × 1, म्हणजे 6.28 मीटर. मैदान 100 मीटरचं असो की 400 चं, हा फरक लेनच्या रुंदीवरच ठरतो, वर्तुळ किती मोठं त्यावर नाही! मुलांना हे आधी खरंच वाटेना. त्यांनी सुतळी टाकून दोनदा मोजलं. दुसऱ्या वेळेस 6.31 आलं. तेवढं चालतं.

दोन सूचना. दोर नायलॉनचा घेऊ नका, ओढला की ताणतो आणि वर्तुळ अंड्यासारखं होतं. आणि फक्की टाकायच्या आधी जमिनीवर पाणी शिंपडून घ्या, नाहीतर दुपारच्या वाऱ्याला रेघ उडते.

केंद्रावर दोर धरून उभं राहायला कोणीतरी न हलणारं माणूस लागतं. त्या दिवशी ती मुलगी आली होती. आता ती शेजारच्या गावच्या हायस्कुलात नववीला आहे, धाकट्या भावाला न्यायला आली होती. तिने दोराचं टोक हातात घेतलं, खुंटीशी बसली आणि आखणी संपेपर्यंत उठली नाही. मग भावाला तिसऱ्या लेनमध्ये पुढे नेऊन उभं केलं आणि त्याला म्हणाली, "पुढं आहेस म्हणून खूश होऊ नको, तुला वळण मोठं आहे."